बिनजोडाचं वळं

“मुलीसाठी ना, मावशी?” सराफाच्या दुकानातल्या मुलीने विचारलं, आणि चादरताईची मान हलली.

तिने हलवली नाही, हलली. घरून निघताना ती वाक्य जुळवून निघाली होती, ‘मला लग्नाची अंगठी बघायची आहे.’ बसमध्ये तेच घोकलं, दुकानाच्या पायऱ्या चढताना तेच घोकलं. पण काचेचं दार ढकललं, आतली थंडगार हवा अंगावर आली, जिकडे बघावं तिकडे आरसे आणि प्रत्येक आरशात आपणच, आणि त्या वाक्यातलं ‘मला’ दाराबाहेरच राहून गेलं. उरलं तेवढं तोंडातून आलं. पन्नाशीला टेकलेली बाई लग्नाची अंगठी बघते म्हणजे मुलीसाठीच बघते, असं त्या पोरीने धरून चालण्यात तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते मान हलली तिथे.

एकदा मान हलली की पुढचं सगळं घरंगळतच जातं. मुलगी काय करते? ऑफिसात असते. जावई चांगला मिळाला का? चांगला आहे. लग्न कधी? आता लवकरच. चादरताईला मुलगी होती, ती ऑफिसातही होती, फक्त तिचं लग्न केव्हाच होऊन तिचं मूल आता शाळेत जात होतं. खोटं असं खऱ्याचे कपडे घालून आलं की सांगणाऱ्यालाही ते ओळखीचं वाटतं.

लग्न होतं ते चादरताईचंच. आणि होतं ते मिस्त्रीशी.

चादरताई हे नाव हॉस्पिटलच्या धुलाईघरातलं. वॉर्डावॉर्डातून गाठोडी येत, त्यांतल्या चादरी तिच्या वाट्याच्या. धुवायच्या, ब्लीचमधून काढायच्या, पिळायच्या, मग वाफेच्या रोलरखाली घालायच्या. नवरा गेला तेव्हा मुलगी रांगत होती. त्या वर्षी ती इथे लागली ती लागलीच. भिंतीपलीकडे बॉयलर आणि बॉयलरशी मिस्त्री. उभा जन्म आगीच्या तोंडाशी काढल्यामुळे त्याच्या भुवया होरपळून विरळ झाल्या होत्या, आणि त्यामुळे त्याचा चेहरा सदा काहीतरी विचारायला आल्यासारखा दिसे.

मिस्त्री आज दुकानात तिच्याबरोबरच यायचा होता. पण ऐन निघताना वाफेचा दाब उतरला, तो अडकला, आणि तिला म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, बघायला लागा, मी आलोच. आणि एक सांगून ठेवलं, की अंगठी तुमच्या हाताला सोसेल अशी घ्या. पेटीत ठेवायची नको. घातली की घातली, कामावरही तीच. आपल्या ऐपतीत बसेल आणि आपल्या पश्चात उरेल अशी.

दुकानातल्या मुलीने तीन ट्रे मांडले. नाजूक वेलीच्या, खड्यांच्या, पानाच्या आकाराच्या अंगठ्या, एकीवर तर इवलासा पक्षी. चादरताईने हात पर्सखाली सरकवून ठेवले आणि डोळ्यांनीच एकेक बघितली. सुंदर होत्या. पण वेलीत सूत अडकलं असतं, खडा पिळताना निखळला असता, आणि तो पक्षी पहिल्याच दिवशी एखाद्या उशीच्या अभ्र्यात उडून गेला असता.

“साधी नाही का? वळं असतं ना, नुसतं, तसं?”

“मुलींना आता तसं नाही आवडत हो मावशी. त्यांना काहीतरी वेगळं लागतं.”

“तिला रोज वापरायची आहे. ब्लीचच्या पाण्यात हात गेला तर काही होतं का?”

मुलीने नजर वर केली. “ऑफिसात ब्लीच?”

चादरताईचे कान तापले. घरी, ती घाईने म्हणाली, घरी सगळं हाताने करायची सवय आहे तिला. मग गुणाची आहे म्हणा की, असं हसून म्हणत मुलगी आतल्या खोलीत कारागिराला विचारायला गेली. तेवढ्या वेळात चादरताई आरशात बघायचं टाळत बसली. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण जोडपं होतं. त्यातली मुलगी बोटात अंगठी घालून हात लांब धरत होती, जवळ आणत होती, पुन्हा लांब धरत होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. तिने ते तसंच करायचं असतं, हे सगळ्या दुकानाला ठाऊक होतं.

दुकानातली मुलगी माहिती घेऊन आली. बावीस कॅरेट नरम असतं, कामाच्या हातात वाकतं, घासतं. अठरा कॅरेटचं टणक, आणि खिशालाही हलकं. मात्र ब्लीच कुठल्याच सोन्याला मानवत नाही, खाल्लं तर आधी अंगठीची दोन टोकं जुळवलेली असतात तो जोड खातं, म्हणून हातमोजा तरी घालावा नाहीतर…

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत दार ढकलून मिस्त्री आला. आंघोळ करून, भांग पाडून. म्हणजे भांग पाडायला जेवढे होते तेवढे केस ओले करून. अंगात धुलाईघरातल्याच कुणाकडून कडक इस्त्री करून घेतलेला निळा शर्ट. त्याच्या येण्याबरोबर कोळशाचा आणि साबणाचा असा दुहेरी वास त्या थंड हवेत शिरला, आणि तरुण जोडप्याने वळून बघितलं.

“झाली का पसंत?” त्याने विचारलं.

“हे कोण, मावशी?” मुलीने सहज, ओळख करून घ्यावी म्हणून विचारलं.

चादरताईने त्याच्याकडे बघितलं नाही. ट्रेमधल्या पक्ष्याकडे बघत ती म्हणाली, “दीर आहेत माझे. मुलीचे काका.”

मिस्त्री खुर्ची ओढत होता. ती तशीच अर्धी ओढलेली राहिली. मग त्याने ती पुरती ओढली, बसला, गुडघ्यांवर हात ठेवले.

“काका म्हणजे बापाच्या जागीच समजा,” तो म्हणाला. “दाखवा, काय काढलंय आमच्या पोरीसाठी?”

त्याने रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. उठून गेला असता तरी चाललं असतं. पण तो बसला आणि काका झाला, आणि इतका छान काका झाला की दुकानातल्या मुलीला मावशीपेक्षा काकाच आवडायला लागला. त्याने वळी मागवली, एकेक तळहातावर ठेवून जोखली, आतली कड अंगठ्याने चाचपली. जोड कुठे असतो ते विचारून घेतलं आणि म्हणाला, आमच्याकडे पाइप फुटतो तोही जोडावरच, तेव्हा बिनजोडाचं काही मिळतं का बघा. मिळत होतं. नळीतूनच कापून काढलेलं, गोल कडांचं, अंगाने जरा जाड असं वळं कारागीर करून देत होता. दिसायला अगदीच साधं. मुलीने ते जरा ओशाळूनच पुढे ठेवलं. चादरताईला ते बघताक्षणी आवडलं, आणि आवडलेलं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने पर्सची चेन उघडली आणि लावली.

“जावई कसे आहेत हो काका?” मुलगी आता गप्पांवर आली होती.

“जावई ना? रंगाने पक्का. डोक्यावर केस बेताचे, भुवया तर उसन्या आणाव्यात अशा. यंत्राशी झुंजतो दिवसभर. घोरतोही म्हणतात.”

मुलगी खळखळून हसली. “अगं बाई! आणि तरी ताईंना पसंत आहेत?”

“ते मी कोण सांगणार? आईला विचारा.”

तो हे हसत बोलला, पण बोलून झाल्यावर ट्रेकडेच बघत राहिला. मुलगीही थांबली. चादरताईला वाटलं, त्या सगळ्या आरशांतल्या बायका आपल्याच उत्तराची वाट बघत आहेत.

“पसंत आहेत,” ती म्हणाली.

त्या दुकानात ती एवढं एकच खरं बोलली, आणि तेही लेकीच्या नावावर.

मग मापाची वेळ आली. नवरीला आणायला हवं होतं, मुलगी म्हणाली, बिनजोडाचं मागाहून फारसं वाढवता येत नाही, माप नेमकं लागतं. खोटं इथपर्यंत आलं आणि भिंतीला टेकलं.

“हिच्याच बोटाचं घ्या,” मिस्त्री म्हणाला. “पोरीचा हात थेट आईचा आहे.”

तेव्हा तिला पर्सखालून हात काढावा लागला. काउंटरवरच्या जांभळ्या मखमलीवर तो तिने ठेवला, आणि ठेवल्यावर तिला तो पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसला. ब्लीचने नखं पिवळी पडलेली, पेरं सुजून गाठाळलेली, कातडी इतक्यांदा उकडून निघालेली की तिला धड रंगच उरलेला नाही. मुलीने मापाच्या कड्यांचा जुडगा घेतला. पहिलं कडं पेरावर अडलं. दुसरं अडलं. मुलगी पुढचं, पुढचं असं चाळत गेली आणि तिच्या कपाळावर बारीक आठी उमटली.

“ताईंचं बोटही एवढं आहे?”

“कष्टाळू आहे,” मिस्त्री म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

इसार त्यानेच दिला, काकाने द्यावा तसा. पुढच्या आठवड्यात वळं तयार होईल, या, मुलगी म्हणाली, नवरीलाही आणा.

बाहेर पडल्यावर तो चार पावलं पुढे चालू लागला. चादरताईला आधी वाटलं, रागावला असेल. मग कळलं, की दीर जसा चालतो तसाच तो अजून चालतो आहे. तिने पावलं उचलली, त्याला गाठलं. तो बसच्या थांब्याबद्दल बोलला, दाब उतरला होता तो कसा चढवला त्याबद्दल बोलला. तिची बस वळणावर दिसली तेव्हा मात्र म्हणाला,

“लाज वाटत असेल तर राहू द्या. माझं काही म्हणणं नाही. पण मला सांगून राहू द्या. दुकानातल्या पोरीकडून मला ते कळायला नको होतं.”

बस आली. ती चढली. काचेतून बघितलं तर तो हात हलवत होता, अगदी नेहमीसारखा.

तो आठवडा धुलाईघरात रोजच्यासारखाच गेला, आणि तसाच गेला म्हणून तिला तो जड झाला. भिंतीपलीकडून वाफ वेळेवर येत होती. दाब जरासुद्धा कमी-जास्त होत नव्हता. फक्त चहाच्या सुट्टीत मिस्त्री इकडे फिरकत नव्हता. अभ्र्यांवरच्या बाईने विचारलंही, काय गं, नवरदेव रुसले का, आणि सगळ्या हसल्या. इथे, ह्या गरम दमट खोलीत, कुणी असं चिडवलं तर तिला काही वाटत नसे. उलट ती दिवसभर ते चिडवणं मनात घोळवत असे.

मग तिथे, त्या दुकानात, काय झालं होतं?

त्याची लाज वाटली होती का? रोलरखाली चादर सरकवताना तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. त्याच्या केसांची, त्याच्या वासाची? नाही. त्याचं तिच्या आयुष्यात येणं चादरींमधूनच झालं होतं. एकदा तिची जोडीदारीण आजारी पडली, आणि मोठ्या चादरी एकटीला घडी घालता येईनात. तो दारात उभा राहून बघत होता, मग हात पुसून पुढे आला आणि त्याने पलीकडची टोकं धरली. चादर ताणायची, झटकायची, मग दोघांनी दोन बाजूंनी चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, की पुन्हा मागे सरायचं. जवळ यायचं, लांब जायचं. जवळ यायचं, लांब जायचं. दर वेळी बोटं लागत. गाठोडं संपेपर्यंत दोघंही एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जोडीदारीण बरी होऊन आली, तरी तो हात पुसून दारात उभा होता. इतकी वर्षं तो सगळ्यांसारखाच तिला ताई म्हणायचा. त्या दिवसापासून ताई म्हणेना, आणि दुसरं काही म्हणायलाही धजेना. ‘ऐका ना’ एवढ्यावरच त्याचं भागू लागलं. त्यावरून ती काय ते समजली.

नाही, लाज त्याची नव्हती. आपल्याला काही हवं आहे, ते लोकांना दिसेल, ह्याची होती. इतकी वर्षं तिने काही मागितलं नव्हतं आणि त्याचंच नाव झालं होतं. लोक म्हणत, बाई असावी तर अशी. त्या नावावर लेक वाढली, शिकली, चांगल्या घरी पडली. आणि लेकीला सांगितलं, तेव्हा लेक फोनवर किती प्रेमाने बोलली होती. “आई, तू कर गं. मी कुठे नको म्हणतेय? फक्त आमच्याकडे इतक्यात कुणाजवळ बोलू नकोस. आणि फोटोबिटो टाकू नका कुठे.” भांडली असती तर तिला उत्तर देता आलं असतं. प्रेमाने झाकून ठेवलेल्या गोष्टीला काय उत्तर द्यायचं? तिने बरं म्हटलं होतं. त्या ‘बरं’पासून दुकानातल्या त्या मान हलण्यापर्यंत फारसं अंतर नव्हतंच.

ठरल्या दिवशी ती बॉयलरच्या खोलीपाशी गेली आणि म्हणाली, अंगठी आणायची आहे. मिस्त्री झडप बंद करून आला. निळाच शर्ट घातला. बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले, पण बोलले ते खिडकीबाहेरच्या गोष्टींबद्दल. दुकानासमोर पोहोचल्यावर तो रस्ता ओलांडेना.

“तुम्ही जाऊन आणा. मी इथेच आहे. मी आत आलो की तुम्हाला खोटं बोलावं लागतं.”

टोमणा नव्हता तो. ऊन आहे, सावलीत थांबतो, असं म्हणावं तसा तो म्हणाला.

दुकानात आज गर्दी होती. एक सुनेला घेऊन आलेली भारदस्त बाई, दोन मैत्रिणी, गल्ल्यावर स्वतः सराफ. मुलीने तिला लांबूनच ओळखलं, बसवलं, आणि नवरी नाही आली का, काका कुठे, असं विचारत डबी आणली. कापसावर वळं ठेवलेलं होतं. नक्षी नाही, खडा नाही, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं त्याचा पत्ता नाही.

“माप तुमचंच घेतलं होतं, तुमच्याच बोटात बघू या,” मुलगी म्हणाली, आणि चादरताई काही म्हणायच्या आत तिने तिचा हात धरून वळं चढवलं. पेरावर जरा अडलं, मग एक हलका हिसका, आणि ते आत जाऊन बसलं. जाड, गार, आणि इतकं बेतशीर की बोटाला थोड्याच वेळात ते जाणवेनासं झालं.

“शोभतं हो मावशी तुम्हालाच,” मुलगी कौतुकाने म्हणाली. “काढा आता. डबीत ठेवते, मुलीच्या हातात नवी कोरी जायला हवी.”

चादरताईने वळं फिरवलं. काढायचंच होतं ते. ते तिच्या बोटात चढवायचा मान मिस्त्रीचा होता. तिने ते पेरावरून ओढून काढलं, मखमलीवर ठेवलं, आणि मुलगी डबी पुढे करत असतानाच म्हणाली,

“मुलीची नाही. माझी आहे. लग्न माझं आहे.”

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मुलीच्या हातातली डबी तशीच राहिली. तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण दाबायच्या आधी ते सगळ्यांनी बघितलं. मैत्रिणींचं बोलणं थांबलं. भारदस्त बाईने चादरताईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिच्या हाताकडे, मग मुद्दाम आपल्या सुनेकडे.

“मग ते काका…?” मुलीने हळूच विचारलं.

“काका नाहीत ते.”

लाज गेली नाही. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात, तसलं काही झालं नाही. उलट आता ती अंगभर पसरली, मानेवरून पाठीवर उतरली, आणि एवढ्या थंड दुकानात चादरताईला घाम फुटला. पण आता ती झाकायला काही उरलं नव्हतं, आणि गल्ल्यावरचा सराफ चष्म्यावरून बघत विचारत होता की माल पसंत आहे ना, की अजून कुणी बघायचं आहे.

“बघायचं आहे,” ती म्हणाली. “त्यांना बोलावते.”

ती उठली. काचेच्या दारापर्यंत सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीला लागलेल्या होत्या. दार तिने ढकललं आणि धरून ठेवलं. रस्त्यापलीकडे एका चपलांच्या दुकानापुढे मिस्त्री पाठमोरा उभा होता, बायकांच्या चपला अशा मन लावून बघत होता जणू त्यालाच त्या विकायच्या आहेत. ‘मिस्त्री’ अशी हाक तिच्या जिभेवर आयतीच होती. धुलाईघराच्या खडखडाटातही त्या हाकेला तो ओ देत असे. तिने ती गिळली.

“अहो,” तिने हाक मारली.

रस्त्यावरचे दोन-तीन नवरे वळले. त्यांतल्या एकाने आपली बायको शेजारीच चालते आहे हे बघून मान पुन्हा सरळ केली. मिस्त्री वळला नाही. ती हाक आपल्याला असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि पुढच्या चपलेकडे बघू लागला.

मागे दुकानात कुणीतरी खुदकन हसलं. चादरताई दार धरून होती ते तिने सोडलं, एक पायरी उतरली, आणि मघापेक्षा मोठ्याने पुन्हा तीच हाक मारली.